ओलांड, पीळ

दर गुरुवारी ल्युब्लियानाहून घाट उतरून
मी इद्रियाला येतो. गाडीत दोन पेट्या:
एकीत हातमोजा, मोटारी, वायरींचा गुंता,
दुसरीत स्पिरिट, कापूस, इलेक्ट्रोडची पाकिटं.

तोंचकाबाई बाही वर करून बसलेल्याच असतात.
"आधी हात पुसायचा. ठाऊक आहे.
तुझं स्पिरिट फार गार असतं रे,
येताना खिशात ठेवत जा."

पक्षाघाताला अकरा महिने झाले.
उजवा हात टेबलावर,
कुणी पाहुणा विसरून गेल्यासारखा.

मी म्हणतो, मूठ मिटा.
हात ढिम्म.
पण पडद्यावर रेषा शहारते,
व्होल्टच्या लाखाव्या हिश्शाएवढं काहीतरी
कातडीखालून वर येतं.
म्हणजे निरोप निघालाय,
बोटांपर्यंत पोचत नाहीये इतकंच.
आमचं यंत्र दाराला कान लावून बसतं,
आत कुणी पुटपुटलं
की बाहेरून दार ओढतं.

"आमची आई असंच करायची," त्या म्हणतात.
"बाबा पाऱ्याच्या खाणीत.
चाळिशीतच हात कापायला लागले,
चमचा तोंडापर्यंत जाईतो रिकामा.
मग त्यांचा खांदा जरा हलला
की आई वाडगा उचलून ओठांशी न्यायची.
कधीकधी चुकायची.
त्यांना नुसती खिडकी उघडायची असायची."

मी हसलो नाही.
आमच्या भाषेत याला चुकीचा होकार म्हणतात
आणि त्यावर माझे तीन अहवाल आहेत.

"आता सैल सोडा. काहीच करू नका."
काहीच न करणं आधी मोजावं लागतं,
त्याच्यावर उभं राहतं पुढचं सगळं.
पण शांत हातसुद्धा शांत नसतो.
भिंतीतल्या विजेची गुणगुण असते,
ती गाळतो.
पुसटसा काळजाचा ठोका असतो.
"तोही गाळतोस?"
"तोही."
"गाळ बापडा. तो काय, रोजचाच आहे."

तरी एक गोंगाट जाईना.
सात गुरुवार.
दोन बारीक उंचवटे, थांबा,
पुन्हा दोन, थांबा.
मी इलेक्ट्रोड सरकवले, वायर बदलली,
फ्रिजचा प्लग काढला
(आणि लावायला विसरलो, त्यांचं दूध नासलं).
शेवटी विचारलं,
काहीच करू नका म्हटल्यावर
तुम्ही करता तरी काय?

"काही नाही रे.
पाचव्या ओळीत धागा चुकला होता,
तो उसवून पुन्हा घालतेय."

खिडकीपाशी, फडक्याखाली, गोल घट्ट उशी.
टाचण्या, अर्धवट लेस,
लाकडी रिळांच्या तेरा जोड्या लोंबकळत,
अकरा महिन्यांपूर्वी जिथे होत्या तिथेच.
"यात दोनच गोष्टी असतात," त्यांनी डाव्या हाताने दाखवलं,
"ओलांड आणि पीळ.
हा धागा त्याच्यावरून, मग तो याच्यावरून.
फूल काढ, पान काढ, मासा काढ,
तिसरं काही नसतं."

माझ्या मोज्यालाही दोनच शब्द येतात,
उघड आणि मीट.
गेली दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो
की हे फार थोडं आहे.

मी गाळणी काढली. उंबरठा खाली आणला.
मोजा त्यांच्या बोटांवर चढवला,
म्हटलं, काहीच करू नका.

मोटार घरघरली.
रिकाम्या टेबलावर तर्जनी आणि मधलं बोट
उघडलं, मिटलं, थांबलं,
उघडलं, मिटलं.
हातात धागा नाही, रीळ नाही.
त्या बराच वेळ बघत राहिल्या,
दुसऱ्याच्या मुलाचा गृहपाठ बघावा तशा.

"हळू आहे," म्हणाल्या.
"मीही अशीच होते, सहा वर्षांची.
बाईंनी पट्टी मारली होती."
मग जरा वाकून, मोज्यालाच,
"पीळ आधी नाही, बाळा. आधी ओलांड."

चार वाजता बॅटरी संपली.
बोटं अर्ध्यात राहिली,
मी एकेक सोडवली.
अहवालात 'गोंगाटाचं कारण' असा एक रकाना आहे,
एका ओळीचा. तो अजून कोराच ठेवलाय.
पुढच्या गुरुवारी
फ्रिजला हात लावायचा नाही,
एवढं त्यांनी बजावलंय.